पुसलेले पहिले अक्षर

प्रस्तावना

अक्षरजुळणीच्या व्यवसायात जी वर्षे काढली, त्यांत सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य कोणते, तर ‘अहो, फाइल उडाली.’ सांगणाऱ्याचा चेहरा उतरलेला असे, हातात फ्लॉपी असे आणि तिच्या लेबलवर काहीतरी लिहिलेले असे : ‘कथा, अंतिम’, ‘दिवाळी अंक’, ‘दादांच्या आठवणी’. हे पुस्तक म्हणजे त्या वाक्याला दिलेले सविस्तर उत्तर आहे. थोडक्यात सांगायचे तर फाइल बहुतेक वेळा उडालेली नसतेच. ती जागच्या जागी असते. तिच्याकडे जाणारी वाट तेवढी पुसलेली असते, आणि ती वाट पुन्हा आखता येते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी हव्यात : डिस्कवर माहिती कशी मांडलेली असते याची नीट ओळख, आणि ती माहिती जिने लिहिली किंवा जिने लिहिताना पाहिली अशी एखादी व्यक्ती. पहिली गोष्ट या पुस्तकातून मिळेल. दुसरी वाचकाने आपल्या घरात, आपल्या गावात शोधायची आहे.

पुस्तकाचा विषय आहे एमएस-डॉस ही जुनी संगणक-प्रणाली आणि तिच्या काळातल्या फ्लॉप्या व लहान हार्ड डिस्क. टिम पॅटरसन यांनी सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीसाठी १९८० मध्ये लिहिलेली ८६-डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती जगभर गेली. डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवणारी तिची पद्धत, म्हणजे फाइल अलोकेशन टेबल, त्याहूनही जुनी आहे. मार्क मॅक्डोनाल्ड यांनी ती १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बेसिकसाठी तयार केली होती. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून छापखाने, बँका, महाविद्यालये, सहकारी संस्था आणि वृत्तपत्रांची कार्यालये या प्रणालीवर काम करू लागली. म्हणून त्या दहा-पंधरा वर्षांतले पुष्कळ मराठी लेखन आधी कागदावर आणि मग फ्लॉपीवर गेले. कागद टिकला तिथे काळजी नाही. कागद रद्दीत गेला आणि फ्लॉपी कपाटात राहिली, अशी घरे थोडी नाहीत.

फ्लॉपीची रचना एकदा डोळ्यांसमोर आली की अर्धी भीती जाते. साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. एकूण २,८८० सेक्टर. यांतला पहिला बूट सेक्टर. या डिस्कवर ट्रॅक किती, सेक्टर किती, ही माहिती तो सांगतो. त्यानंतरच्या ९ सेक्टरांत जागेचा तक्ता, आणि पुढच्या ९ सेक्टरांत त्याच तक्त्याची दुसरी प्रत. मग १४ सेक्टरांची डिरेक्टरी, तिच्यात २२४ नोंदी मावतात. असे ३३ सेक्टर कारभारासाठी गेले की उरलेले २,८४७ सेक्टर आपल्या लेखनासाठी.

डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद ३२ बाइटची असते. आठ बाइट नावाला, तीन जोडनावाला, मग फाइल कोणत्या प्रकारची आहे याची खूण, शेवटची सेव्ह कधी झाली ती वेळ व तारीख, फाइल कोणत्या तुकड्यापासून सुरू होते तो क्रमांक आणि तिची लांबी. बाकीची वाट तक्ता दाखवतो : या तुकड्यानंतर तो, त्यानंतर तो, आणि इथे फाइल संपली. तलाठ्याच्या दप्तरात खातेदाराचे नाव एकीकडे आणि गट क्रमांक दुसरीकडे, तशीच ही मांडणी. जमीन मात्र शेतात असते, दप्तरात नसते. दप्तर भिजले म्हणून शेत वाहून जात नाही, ही गोष्ट या पुस्तकभर ध्यानात ठेवावी.

आता फाइल पुसली की काय होते? डॉस डिरेक्टरीतल्या नावाचे फक्त पहिले अक्षर काढतो आणि त्या जागी एक ठरावीक आकडा ठेवतो : दशमानात २२९, हेक्साडेसिमलमध्ये ई५. ही खूण त्याने सीपी/एम या आधीच्या प्रणालीकडून घेतली. त्याबरोबर तक्त्यातली त्या फाइलीची साखळी शून्यांनी भरून ‘जागा मोकळी’ अशी नोंद होते. बस, एवढेच. नावाची उरलेली अक्षरे, तारीख, वेळ, सुरुवातीचा क्रमांक, लांबी आणि खुद्द लेखन यांतल्या कशालाही डॉस हात लावत नाही. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या नॉर्टन युटिलिटीजमधला अनइरेज हा प्रोग्रॅम याच गोष्टीवर उभा होता. पुढे १९९१ मध्ये एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीत अनडिलीट ही आज्ञाच मिळू लागली. ती चालवली की पुसलेल्या फाइलींची नावे येतात, पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घेऊन, आणि संगणक आपल्याला विचारतो : पहिले अक्षर कोणते होते?

हा प्रश्न माझ्या मनात कायमचा बसला तो एका फ्लॉपीमुळे. एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या आठवणी संगणकावर लिहिल्या होत्या. ते गेल्यावर काही वर्षांनी त्यांचा मुलगा आणि पत्नी ती फ्लॉपी घेऊन आले. डिरेक्टरीत एकही फाइल दिसत नव्हती. कुणीतरी फ्लॉपी रिकामी करून ठेवली होती, पण सुदैवाने नंतर तिच्यावर काही लिहिले नव्हते. पुसलेल्या नोंदी पाहिल्या तर अकरा सापडल्या. दहांची नावे सहज ओळखू आली : बालपण, शाळा, बदली वगैरे. एका फाइलीचे रोमन अक्षरांतले नाव मात्र ‘?इहिर’ असे उरले होते. मुलगा म्हणाला, ‘मिहीर असणार. नातवाबद्दल लिहिले असेल बाबांनी.’ त्याची आई थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘नाही रे, विहीर. बहात्तरच्या दुष्काळात गावाने शाळेमागे विहीर खणली, ते त्यांना लिहायचेच होते.’ नोंदीतली तारीख पाहिली. ती मिहीरच्या जन्माच्या दोन वर्षे आधीची होती. फाइलीची लांबी ९,७०० बाइट, म्हणजे १९ सेक्टर. पहिल्या सेक्टरपासून ओळीने १९ सेक्टर वाचत गेलो आणि विहीर पाण्यापर्यंत पोचली.

खरे तर त्या जागी कोणतेही अक्षर दाबले असते तरी फाइल उघडली असती. यंत्राला ‘म’ आणि ‘व’ सारखेच. पण त्या घरातल्या माणसांना ते सारखे नव्हते. म्हणून फाइल वाचवण्याचे काम नुसते तांत्रिक नाही असे मी मानतो. यंत्राने हजारो अक्षरे जपली, एक अक्षर आपल्यावर सोपवले, आणि ते फक्त आठवणीतून भरता येते.

या घटनेत एक वाक्य ओघात आले, त्याच्यावर सगळे अवलंबून होते : ‘नंतर तिच्यावर काही लिहिले नव्हते.’ फाइल पुसल्याक्षणी तिची जागा डॉसच्या दृष्टीने मोकळी असते. पुढची सेव्ह तिथेच जाऊन बसू शकते, आणि एकदा बसली की खालचे लेखन कायमचे गेले. म्हणून या पुस्तकातला पहिला नियम ‘हे करा’ असा नाही, ‘थांबा’ असा आहे. घाबरून पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, त्याच डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम टाकू नका. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिच्यावर लिहिणे बंद करा. साडेतीन इंची फ्लॉपीची कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवली की लेखन बंद होते. सव्वापाच इंची फ्लॉपीत याच्या नेमके उलट : तिच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. ही खबरदारी फाजील नाही. विंडोज ९५ लावलेल्या संगणकात फ्लॉपी नुसती उघडून पाहिली, तरी तो बूट सेक्टरमध्ये स्वतःची खूण लिहून ठेवत असे.

पुसणे हा नुकसानीचा एक प्रकार झाला. महाराष्ट्रात त्याहून जास्त फाइली घेतल्या त्या वीज जाण्याने. डॉस लिहीत असताना लेखन तुकड्यातुकड्यांनी डिस्कवर जात राहते, पण डिरेक्टरीतली लांबी आणि सुरुवातीचा क्रमांक यांची पक्की नोंद फाइल बंद करताना होते. मधेच लोडशेडिंग झाले की लेखन डिस्कवर असते, तक्त्यात त्याची साखळीही असू शकते, पण डिरेक्टरीत फाइलीची लांबी शून्य. अशा बेवारस साखळ्या चेकडिस्क ही आज्ञा गोळा करते आणि त्यांना क्रमांकाची नावे देते. जोडनाव सीएचके असलेल्या त्या फाइली कचरा समजून पुसणारे पुष्कळ जण मी पाहिले. त्या आधी उघडून पाहाव्यात. हरवलेले प्रकरण बहुधा तिथेच निजलेले असते.

दुसरा प्रकार गुंतलेल्या साखळ्यांचा. दोन फाइली एकाच तुकड्यावर हक्क सांगतात. इथे घाईने एक फाइल पुसली तर दुसरीही तुटते. दोन्ही फाइलींच्या प्रती आधी दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात आणि मग वाचून ठरवावे की तो तुकडा कुणाचा. हे ठरवायला संगणक असमर्थ असतो. वाक्याचा धागा कुठे जुळतो हे माणसालाच कळते.

तिसरा प्रकार औषधानेच रोग वाढण्याचा. डॉसच्या जुन्या आवृत्त्यांत रिकव्हर नावाची आज्ञा होती. नावावरून वाटते की ती फाइली परत मिळवून देईल. पण ती पूर्ण डिस्कवर चालवली की सगळ्या फाइलींची नावे पुसून त्यांना क्रमांक लावते आणि उपडिरेक्टरींची मांडणीही मोडते. सहाव्या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. कुणाच्या जुन्या संगणकात ती अजून असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये, एवढेच सांगणे.

फॉरमॅटबद्दलही एक खुलासा हवा. पाचव्या आवृत्तीपासून नेहमीचे फॉरमॅट बहुधा फक्त कारभाराचे सेक्टर कोरे करते, लेखन खाली शिल्लक राहते. त्याआधीच्या आवृत्त्यांत फ्लॉपीचे फॉरमॅट म्हणजे प्रत्येक सेक्टर नव्याने भरणे. अशी फ्लॉपी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे डिस्कवरचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली तर ओळीच्या ओळी एफ६ या एकाच आकड्याच्या दिसतात, आणि उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात भागाकाराच्या चिन्हांची रांग. ती रांग दिसली की थांबावे आणि घरच्यांना स्पष्ट सांगावे की इथे काही उरलेले नाही. खोटी आशा दाखवणे हाही या कामातला अपराध आहे.

आतापर्यंतचे सगळे नुकसान कारभारातले. डिस्कच खराब झाली असेल तर काम वेगळे. कोकणातल्या पावसाळ्यांतून गेलेल्या फ्लॉप्यांवर बुरशी येते. सरकझाकण बाजूला करून उजेडात पाहिले तर तपकिरी चकतीवर पांढुरके ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला चिकटते, चकतीवर ओरखडा उठतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीचेही नुकसान होते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ कापडाने, अगदी हलक्या हाताने चकती पुसावी लागते. कधी दोष फ्लॉपीचा नसतोच. ती ज्या ड्राइव्हवर लिहिली त्याचे हेड थोडे सरकलेले होते, म्हणून दुसरा ड्राइव्ह तिला ओळखत नाही. दोन-तीन वेगळे ड्राइव्ह लावून पाहिले की पडद्यावरचे ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ अचानक थांबते.

अशा डिस्कवरच दुरुस्ती करत बसू नये. तिची सेक्टरनिहाय पूर्ण प्रत, म्हणजे इमेज, आधी काढावी. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी फार उपयोगी आहे. तो आधी सहज वाचता येणारे सेक्टर उचलतो, अडलेल्या जागांची यादी ठेवतो आणि मग त्यांच्याकडे पुन्हा वळतो. जीर्ण डिस्कवर हेच शहाणपणाचे, कारण प्रत्येक वाचनाबरोबर तिचे आयुष्य कमी होत असते. त्याहून बिकट प्रसंगी चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारी क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझविझलसारखी उपकरणे वापरता येतात. इमेज हातात आली की मूळ फ्लॉपी पाकिटात ठेवून द्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. बूट सेक्टर बिघडला असेल तर त्याच जातीच्या चांगल्या फ्लॉपीचा बूट सेक्टर प्रतीत बसवता येतो. पहिला तक्ता गेला असेल तर दुसरा वापरता येतो. चूक झाली तर प्रतीची प्रत काढून पुन्हा सुरुवात करता येते.

मराठी लेखनाच्या बाबतीत एवढ्यावर काम संपत नाही. म्हणून या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग लिपीला दिला आहे. फाइल एकही बाइट न गमावता मिळाली, तरी ती वाचता येईलच असे नाही. डॉसवर मराठी उमटवण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड वापरले जाई आणि लेखन इस्की या भारतीय संकेतात साठवले जाई. १९९१ मध्ये इस्की भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘मराठी’ हा शब्द पाच बाइटचा : २०४, २०७, २१८, १९०, २२०. म्हणजे म, र, काना, ठ आणि दीर्घ ईकार. कार्ड नसलेल्या संगणकावर हेच पाच बाइट चौकटींचे दोन सांधे, दोन कोपरे आणि एक अर्धा भरीव ठोकळा असे दिसतात. ते पाहून ‘फाइल करप्ट झाली’ असे म्हणून कितीतरी फ्लॉप्या फेकल्या गेल्या. त्या धडधाकट होत्या. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे : डॉस ज्या ई५ने पुसलेली फाइल ओळखतो, तोच आकडा इस्कीत ओकाराची मात्रा आहे. डिरेक्टरीत तो ‘नाही’ म्हणतो आणि लेखनात ‘हो’मधली मात्रा होतो. आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो, तो कुठे बसला आहे यावर अर्थ ठरतो. हे एकदा उमगले की हेक्स एडिटरची भीती वाटत नाही.

पुढे विंडोजवर श्री-लिपी, आकृती यांसारख्या फाँटांचा काळ आला. प्रत्येक फाँटची अक्षररचना स्वतंत्र, त्यामुळे एकाच्या फाइलीला दुसऱ्याचा फाँट लावला की मजकुराचा नुसता गोंधळ दिसतो. इस्कीत आपण उच्चारतो तसा क्रम असतो, म्हणजे ‘कि’मध्ये आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी. या फाँटांत मात्र डोळ्यांना दिसतो तो क्रम, म्हणून वेलांटी आधी आणि क नंतर. मूळ फाँट कोणता, त्याची कोणती आवृत्ती, हे कळले तरच मजकूर युनिकोडमध्ये बिनचूक आणता येतो. तो युनिकोडमध्ये येईपर्यंत फाइल वाचली असे मी मानत नाही. फाँटचे नाव डिस्कवर नेहमी सापडतेच असे नाही. ते अनेकदा अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना किंवा छापखान्याच्या मालकांना आठवत असते. म्हणजे इथेही पहिले अक्षर माणसाकडेच असते.

या कामाला एक मर्यादाही पाळावी लागते. जुन्या डिस्कमध्ये मालकाने जाणूनबुजून पुसलेली पत्रे, हिशेब, कुणाबद्दलचे राग-लोभ निघतात. ‘विहीर’ फाइलीच्या शेवटच्या सेक्टरमध्ये लेखन संपल्यावर २८ बाइट जागा उरली होती. अशा उरलेल्या जागेत कधी कधी वेगळ्याच मजकुराचा तुकडा अडकून बसतो. जे मागितले आहे तेवढेच काढावे, बाकी दिसले तरी वाचू नये, वाचले गेले तर बोलू नये. आणि मिळालेल्या मजकुरात स्वतःच्या हाताने शुद्धलेखनाची एकही दुरुस्ती करू नये. जिथे सेक्टर गेला आहे तिथे ‘मजकूर नष्ट’ असे लिहावे, अंदाजाने वाक्य पूर्ण करू नये.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे : आधी डिस्कची ओळख आणि हाताळणी, मग इमेज काढणे, मग डिरेक्टरी व तक्ता यांची दुरुस्ती, मग लिपी आणि शेवटी जतन. जुना संगणक मिळाला नाही तरी अडत नाही. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला फ्रीडॉस आजही मोफत मिळतो, आणि डॉसबॉक्समध्ये जुने प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालतात. एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ प्रोग्रॅमही २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने अभ्यासासाठी खुला केला, त्यामुळे त्या प्रणालीत नेमके काय चालत असे हे आता मुळातूनच वाचता येते.

वाचकांपैकी ग्रंथपाल असतील, छापखान्यांचे मालक असतील, आई-वडिलांचे लेखन शोधणारी मुले असतील. त्यांना एकच विनंती. फ्लॉपी सापडली तर ती घेऊन आधी माझ्यासारख्याकडे धावू नका. ती जिच्या किंवा ज्याच्या हातची आहे, किंवा जिने शेजारी बसून ती भरताना पाहिली आहे, त्या व्यक्तीजवळ वही घेऊन बसा. फाइलींची नावे काय ठेवली होती, फाँट कोणता होता, छपाई कुठे झाली, काय लिहायचे राहून गेले, हे विचारा. फ्लॉपीवरची चुंबकीय माती दरवर्षी थोडी थोडी झिजते आहे, तरी अजून बरीच वर्षे तिच्यातून काही ना काही निघत राहील. ‘मिहीर नव्हे, विहीर’ असे सांगणारी माणसे मात्र आपल्याजवळ किती दिवस आहेत याची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही. त्यांना आजच विचारून घ्या.